घरचा गडी

तेजस्विनी इंगवलेनं आपल्या नवऱ्याला संघातून काढलं, तेव्हा नवरा स्वयंपाकघरात पांढऱ्या रश्श्यासाठी लसूण सोलत बसला होता.

संघ तसा मनातला होता. खेळाडू खरे, सामने खरे, पण संघ ज्याचा त्यानं जुळवलेला. देशभरातल्या व्यावसायिक कबड्डीपटूंमधून आपल्याला हवे ते सात गडी निवडायचे. हंगामात त्यांनी खऱ्या मैदानावर मिळवलेले गुण आपले. बाहेर लोक याला काहीही म्हणोत, कोल्हापूरच्या इंगवल्यांच्या घरात याला 'मनसंघ' म्हणत. घरचे, सोयरे आणि शेजारी मिळून नऊ जण खेळत. जिंकणाऱ्याला बक्षीस काहीच नसे. बाकीच्या आठांनी वर्षभर त्याच्या बढाया ऐकून घ्यायच्या, एवढंच. ही शिक्षा पुरेशी होती.

तेजस्विनी चार वर्षांत तीनदा जिंकली होती. राजारामपुरीत तिचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक असलं की ती डोळे तपासे, नसलं की चढाईपटूंचे आकडे. तिच्या मनसंघात पहिल्या दिवसापासून एक नाव कायम होतं: विश्वजित इंगवले, 'पंचगंगा झुंजार'चा कर्णधार, डाव्या पायानं बोनस रेषा ओलांडून जादा गुण घेण्यात देशातल्या पहिल्या चार-पाचांतला, आणि तिचा नवरा.

दसऱ्यानंतरच्या रविवारी दुपारी नवी निवड व्हायची. त्याआधी सकाळी प्रत्येकानं जुन्या सातांपैकी कोण ठेवले आणि कोण सोडले हे घरच्या गटावर कळवायचं, असा नियम होता. त्यामुळे त्या आधीचा आठवडाभर सगळे आपापले गडी पारखत बसत. कुणाचं वय झालंय, कोण लग्न करून सुस्तावलाय, कुणाचा नवा प्रशिक्षक खडूस आहे, अशी ती पारख असे. यंदा मात्र ती पारख पहिल्यासारखी राहिली नव्हती, कारण बाजारात 'सावली' आली होती.

सावलीमागची कल्पना समजायला अवघड नव्हती. मैदानाभोवतीचे कॅमेरे खेळाडूची प्रत्येक हालचाल टिपतातच. कुठला सांधा किती वेगानं आणि किती वळला हे कळलं आणि माणसाचं वजन ठाऊक असलं, की त्या सांध्यावर किती जोर आला ते शाळेतल्या भौतिकशास्त्रानंही काढता येतं. सावली त्याच्या पुढे जाई. त्या जोरानं हाडांना जोडून धरणाऱ्या आतल्या अस्थिबंधांचे किती तंतू झिजले आणि मधल्या विश्रांतीत शरीरानं त्यांतले किती भरून काढले, याची वजाबाकी ती रोज करी. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. शरीरही तारच, पण झोपेत स्वतःला थोडी सांधून घेणारी. अशी वजाबाकी करत करत संगणकात प्रत्येक खेळाडूचा एक जुळा तयार होई. मग हा जुळा येणारा हंगाम हजारो वेळा खेळे, दर वेळी थोड्या वेगळ्या परिस्थितीत. हवामान खातं उद्याचं आभाळ अनेक प्रकारे चालवून बघतं, तसंच. त्यांतल्या किती हंगामांत जुळा शेवटपर्यंत उभा राहिला, तो झाला अंदाज.

सावली निघाली होती मनसंघ खेळणाऱ्या हौशी लोकांसाठी. त्यामुळे कुणाचीही सावली कुणालाही पाहता येत होती. याचा अर्थ काय होतो, हे तेव्हा फारसं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

विश्वजितच्या नावापुढे लिहिलं होतं: हंगाम पूर्ण खेळण्याची शक्यता, शंभरात चौदा. डावा गुडघा.

काहीतरी चुकलं असेल, असं तेजस्विनीला आधी वाटलं. तिनं त्याचा जुळा पडद्यावर चालवून पाहिला. राखाडी रंगाची एक बिनचेहऱ्याची आकृती बोनस रेषेकडे झेपावली, आणि पाय टेकताना तिचा डावा गुडघा किंचित आत दुमडला. अगदी किंचित. तिनं तेच पुन्हा पाहिलं, आणि तिला गणपतीतली पंगत आठवली. सगळे मांडी घालून जेवायला बसले होते आणि हा वाढायला उभा राहिला होता. केवढं कौतुक झालं होतं त्याचं! चार पंगती झाल्या तरी तो खाली बसला नव्हता.

शनिवारी संध्याकाळी तिनं विषय काढला.

"विश्वा, गुडघा दुखतोय का?"

"कुणाचा?"

"माझा नव्हे."

"अगं, चौतिसाव्या वर्षी सकाळी उठल्यावर काहीच दुखलं नाही, तर माणसानं समजावं आपण गेलो."

"सावली म्हणतेय की..."

"तुझ्या सावलीनं कधी चढाई केलीय?" असं म्हणून तो शीळ घालत अंघोळीला गेला.

तिनं दोनदा सांगून पाहिलं, दोन्ही वेळा शीळ. तेव्हा रविवारी सकाळी तिनं ठरवलं की या घरात ज्या भाषेतलं बोलणं ऐकलं जातं, त्याच भाषेत बोलायचं. तिनं सहा नावं 'ठेवले'खाली लिहिली, एक 'सोडले'खाली, आणि कळवून टाकलं.

अर्ध्या मिनिटात विश्वजित लसणीच्या हातानं दारात उभा.

"मला काढलंस?"

"हो."

"आणि तो हरयाणाचा पोरगा ठेवलास? त्याला अजून धड मिशी फुटलेली नाही!"

"गुडघे धड आहेत."

आत जाऊन त्यानं उरलेला लसूण असा काही ठेचला, की बाहेर आबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दुपारी मंडळी जमली. विश्वजितची धाकटी बहीण स्वरूपा मुद्दाम पुण्याहून आली होती. मनसंघात तेजस्विनीशी टक्कर घेणारी ती एकटीच. रस्सा चुलीवर ठेवून सगळे आधी निवडीला बसले, कारण निवड झाल्याशिवाय कुणाला घास गोड लागत नसे. खरा खेळाडू असल्यानं विश्वजितला स्वतःचा मनसंघ ठेवायला मनाई होती, म्हणून नावं पुकारण्याचं काम त्याच्याकडे. सोडलेल्या खेळाडूंची नावं तो एकेक करून घेई, आणि जो पहिल्यांदा 'माझा' म्हणेल त्याचा तो गडी. दरवर्षी तो हे काम मोठ्या झोकात करी. आजही त्यानं आवाज लावला. सात-आठ गडी गेले, हशा पिकला. मग त्यानं खाकरून घेतलं.

"आता पुढचा गडी! कोल्हापूरची शान, पंचगंगेचा वाघ, बारा हंगामांचा अनुभव. बोला!"

कुणीच बोललं नाही. प्रत्येकाच्या खिशात सावली होती.

"स्वरूपा?"

"दादा, मला यंदा रक्षकच हवेत रे," स्वरूपा चटईच्या काड्या उचकटत म्हणाली.

विश्वजित हसला. मग तो आबांकडे वळला. आबा, म्हणजे त्याचे वडील, पूर्वी जिल्ह्याच्या संघात कोपरारक्षक होते. सावली वगैरे ते पाहत नसत. त्यांचा फोन फक्त फोन होता.

"आबा, तुम्ही तरी म्हणा. घरचा गडी आहे."

"पुढचं नाव घे," आबा म्हणाले.

"तुम्ही तर ते यंत्र बघतही नाही!"

"नाही बघत. मी तुला बघतो. गणपतीपासून तू डावा पाय टाकत नाहीस, ठेवतोस."

विश्वजितनं हातातला कागद खाली केला. क्षणभर वाटलं, आता तो उठून जाईल. पण तो पुकारणारा होता. त्यानं राहिलेली सगळी नावं घेतली, प्रत्येकाला त्याचा गडी दिला, आणि शेवटचं नाव संपल्यावर स्कूटरची किल्ली उचलून बाहेर पडला. बाकीचे जेवायला बसले. स्वरूपा हळूच म्हणाली, "वहिनी, रस्सा मात्र झकास झालाय." आबांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं मान खाली घातली. मग त्यांनीच वाटी पुढे केली. "वाढ थोडा."

संध्याकाळी तो परत आला, पण धड बोलला नाही. सोमवारी दुपारी मात्र तेजस्विनी दुकानात एका आजोबांच्या चष्म्याची दांडी बसवत होती, तेव्हा तो आत आला आणि डोळे तपासायच्या खुर्चीत जाऊन बसला. आजोबा जाईपर्यंत समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत राहिला.

"नंबर वाढलाय म्हणून सांगितलंस की लोक काय करतात?" त्यानं विचारलं.

"आधी माझ्या यंत्राला नावं ठेवतात. मग म्हणतात, दुकानात उजेड कमी आहे. एक जण तर म्हणाला, तुम्ही अक्षरंच बारीक छापलीत."

"मग?"

"मग चष्मा घेऊन जातात. आणि दुसऱ्या दिवशी फोन करतात, अहो मॅडम, झाडाला पानं आहेत!"

त्याला हसू आलं. मग तो तक्त्याकडेच बघत म्हणाला, "मार्चमधल्या शेवटच्या सामन्यापासून दुखतंय. वळलो की आत काहीतरी सरकतं. तुला सांगितलं असतं तर तू खेळू दिलं नसतंस."

"मी कोण न खेळू देणारी?"

"एक हंगाम राहिलाय गं माझा. फार तर एक. तो काय बाकावर बसून घालवू?"

"मला तुझ्या गुणांचं काही पडलेलं नाही, विश्वा. मला म्हातारपणी तुझ्याबरोबर जोतिबाच्या पायऱ्या चढायच्यात. तुला खाली बसवून एकटीनं नाही जायचं."

मग त्यानं खुर्ची तिच्याकडे फिरवली. "दाखव ती तुझी सावली."

तिनं पडदा त्याच्यासमोर धरला. राखाडी आकृती उभी होती.

"हा मी? याचे केस कुठं गेले?"

"केसांवर ताण येत नाही."

बारा वर्षं माणूस स्वतःला आतून खेळताना जाणतो. बाहेरून, आणि तेही कातडीखालून, त्यानं स्वतःला कधीच पाहिलेलं नव्हतं. तो पाहतच राहिला. मग तेजस्विनीनं त्याला आणखी एक गंमत दाखवली. सावलीत खेळाडूचा खेळ बदलून पाहता येत होता. बोनसची झेप काढून टाकली तर? जुळ्यानं नव्यानं हजारो हंगाम खेळले, आणि चौदाचे चाळीसच्या वर गेले. पूर्ण सामन्याऐवजी फक्त शेवटची दहा मिनिटं खेळला तर? साठच्या वर. आणि मांडीचे, कंबरेचे स्नायू डॉक्टरांच्या हाताखाली नीट बळकट केले तर? आणखी वर.

"म्हणजे हे ठरलेलं नाही?"

"पत्रिका आहे का ती? तू आहेस तसाच खेळत राहिलास तर काय होईल, एवढंच ती सांगते. तू काय ठरवशील, ते तिला कुठं माहीत असतं?"

"पण बोनस काढला तर माझ्यात उरतं काय?"

"हात. आबा सांगतात, शाळेत तू हातानंच गडी मारायचास."

"शाळेत!" तो म्हणाला. पण त्याचा उजवा हात आपोआप पुढे झाला होता, आणि दुकानातल्या फळीवरच्या चष्म्यांना एकेक करून, न हलवता, नुसता टिपत चालला होता.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी तपासून सावलीचंच म्हणणं खरं ठरवलं. गुडघ्यातला अस्थिबंध अर्धवट फाटला होता. जपून खेळता येईल, पण हंगाम संपताच शस्त्रक्रिया करावीच लागेल. विश्वजित तसाच प्रशिक्षकांकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. प्रशिक्षक म्हणाले, "मीही सावली पाहिली होती रे. तुला कसं सांगावं, याच विचारात होतो." कर्णधारपद त्यानं आपण होऊन सोडलं. घरी आल्यावर मात्र तो अंगणात बराच वेळ स्कूटर धूत बसला. स्कूटर स्वच्छच होती. तेजस्विनी आतून बघत होती, पण बाहेर गेली नाही.

हंगाम सुरू झाला, आणि पहिले सामने वाईट गेले. शेवटच्या दहा मिनिटांसाठी विश्वजित मैदानात उतरे आणि बहुधा रिकाम्या हातानं परते, नाहीतर पकडला जाई. कारण सावली जशी तेजस्विनीला दिसत होती, तशी विरुद्ध संघांनाही दिसत होती. डावा पाय कच्चा आहे हे ज्याला त्याला ठाऊक. नागपूरच्या सामन्यात दोन रक्षकांनी एकदमच त्याच्या डाव्या घोट्यावर उडी घेतली. तो कसाबसा निसटला. घरी पडद्यासमोर तेजस्विनीनं डोळ्यांवर ओढणी घेतली होती. हे आपल्यामुळेच, असं तिला वाटत होतं. लोकांनी गुपचूप बघितलेलं आपण चव्हाट्यावर आणलं. सामना संपल्या संपल्या त्याचा फोन आला. आता तो म्हणेल, बस झालं, असंच तिला वाटलं.

"तेजू! सगळ्यांना माहीत आहे!" तो ओरडतच होता.

"मला कळतंय रे. मला माफ..."

"अगं ऐक तर! बारा वर्षं मी एकच विचार करत आलो, की रक्षक कुठून येईल? डावीकडून, उजवीकडून, कंबरेला, पायाला? आता विचारच नाही. सगळे माझ्या डाव्या पायावर येतात. सगळे! मला आधीच माहीत असतं!"

पुढच्या सामन्यापासून त्यानं आपला डावा पाय उंदराला खोबरं दाखवावं तसा दाखवायला सुरुवात केली. सगळा भार उजव्या पायावर ठेवायचा आणि डावा नुसता पुढे सरकवायचा. रक्षक त्यावर झेपावला की पाय मागे, आणि झेपावलेल्या रक्षकाच्या पाठीवर हात. रक्षक तोंडघशी, हा मध्यरेषेपलीकडे. त्यात जोर लागत नव्हता, उडी नव्हती, गुडघ्यावर भार नव्हता. असा खेळ तो यापूर्वी कधीच खेळला नव्हता, त्यामुळे सावलीकडे त्याची नोंदच नव्हती. आठवड्यामागून आठवडे तिचे अंदाज साफ चुकत राहिले. तिला माणसाचा गुडघा कळला होता. आपला गुडघा जगाला कळलाय हे कळल्यावर माणूस काय करेल, ते मात्र कळलं नव्हतं.

सगळ्यांनाच असं जमलं नाही. कुणाची पाठ, कुणाचा खांदा उघडा पडला, आणि विरुद्ध संघ नेमके तिथंच घाव घालू लागले. खेळाडूंच्या संघटनेनं आरडाओरडा केला तेव्हा सावली चालवणाऱ्या कंपनीला नमतं घ्यावं लागलं. यापुढे खेळाडूच्या परवानगीशिवाय त्याच्या दुखण्याचा भाग कुणालाही दिसणार नाही, असं ठरलं. विश्वजितकडे परवानगीचा अर्ज आला. त्यानं उत्तर पाठवलं: "माझी उघडीच ठेवा. धंदा चांगला चाललाय."

मनसंघात हंगामाच्या मध्यावर एक दिवस बदलीचा असे; त्या दिवशी एक गडी सोडून, कुणाकडेच नसलेला दुसरा घेता येई. तेजस्विनीनं सकाळी चहाही न घेता विश्वजितचं नाव लिहायला घेतलं. गटावर आधीच दोन शब्द येऊन पडले होते. 'दादा माझा.' स्वरूपाचे.

तिनं लगेच फोन लावला. "स्वरूपा, हा अन्याय आहे. नवरा माझा आहे."

"नवरा तुझाच आहे वहिनी. गडी माझा. तू सोडलास, मी उचलला."

हंगामाचा शेवटचा सामना कोल्हापुरात होता, 'नर्मदा निडर' या संघाशी. तेजस्विनी, आबा आणि स्वरूपा एका रांगेत बसले होते. आबा मधे, कारण दोघींना शेजारी बसवण्यात अर्थ नव्हता: मनसंघात त्या सकाळपर्यंत त्यांचे गुण सारखे होते, आणि दोघींचा शेवटचा गडी समोरच्या मैदानात होता. स्वरूपाचा विश्वजित. तेजस्विनीचा इरफान मुजावर, मिरजेचा, नर्मदेचा उजवा कोपरारक्षक, म्हणजे चढाईपटूच्या नेमका डाव्या हाताला उभा राहणारा. विश्वजितच्या रिकाम्या जागी तिनं त्यालाच घेतलं होतं.

शेवटची चढाई आली तेव्हा मैदानावरचे दोन्ही संघ बरोबरीत होते, आणि दोघींचे मनसंघही. विश्वजित चढाईला निघाला. सगळं सभागृह त्याचं नाव घेऊ लागलं. हंगाम पुरा झाला होता, गुडघा टिकला होता, आठवड्यानं शस्त्रक्रिया होती, आणि त्यानंतर तो खेळणार नव्हता. हे सगळ्यांना माहीत होतं.

"इरफाननं धरला तर तू जिंकलीस," आबा तेजस्विनीला म्हणाले. मग स्वरूपाकडे बघून, "सुटला तर तू."

"मला माहितीय आबा," दोघी एकदमच म्हणाल्या.

विश्वजितनं डावा पाय पुढे सरकवला. इरफान हलला नाही. विश्वजितनं पुन्हा पाय दाखवला, आणखी पुढे, जवळजवळ त्याच्या हातात. इरफान तरीही हलला नाही. त्यानं हंगामभराचे सामने पाहिले होते आणि त्याचं ठरलेलं होतं. विश्वजितनं पाय मागे घेऊन हात टाकला, इरफानच्या खांद्याला बोटं लागली, आणि त्याच क्षणी इरफाननं खाली वाकून त्याचा उजवा पाय धरला. चांगला पाय, ज्यावर सगळा भार होता तो. विश्वजित पोटावर आपटला. मध्यरेषा हातभर लांब. तो कोपरांवर सरकू लागला, इरफान त्याला मागे ओढू लागला, उरलेले रक्षक धावले.

तेजस्विनी केव्हा उभी राहिली ते तिलाच कळलं नाही. "सोड!" ती किंचाळली. "इरफान, सोड! सोड त्याला!"

"अगं, तो तुझा आहे!" आबा तिचा पदर ओढत म्हणाले. "तेजू, तुझा गडी आहे तो!"

पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघू लागली. स्वरूपानं तोंडावर दोन्ही हात घेतले होते. खाली विश्वजितची बोटं पुढे गेली, थांबली, आणि मग एक बोट रेषेपलीकडे पडलं. पंचांचा हात वर गेला. सभागृहाचं छप्पर उडेल असा आवाज झाला.

पंचांचा हात वर जाताच इरफाननं पाय सोडला होता. तो हसत उठला, त्यानं विश्वजितला हात दिला आणि उभं केलं, आणि विश्वजित दोन्ही पायांवर नीट उभा राहून प्रेक्षकांत कुणालातरी शोधू लागला. त्याला ती लगेच सापडली. एवढ्या मोठ्या सभागृहात ती एकटीच अजून ओरडत होती, "सोड! सोड त्याला!"